पृष्ठ २१८ कोरे

सोमवार, ६ जानेवारी २०२५
स्कॅनर पुन्हा अडकला. एकच स्कॅनर, तोही ए-फोर मापाचा, आणि समोर जुन्या विधानसभेच्या कामकाजाचे एकशे बारा ग्रंथ! निम्मे झालेत, उरलेले मार्चपर्यंत साइटवर चढवायचे. यशवर्धनजी साहेब आहेत, केबिनमधूनच ओरडतात, "संबोधी, आज कितने पन्ने?" पानं मोजतात सगळे, वाचत कुणी नाही. डोकं फिरतं नुसतं.

मंगळवार, ७
सांवेरहून आनंदीमावशी आल्या. सत्तरीच्या, दोन बस बदलून. त्यांच्या वस्तीच्या स्मशानाला कुणीतरी तारेचं कुंपण घातलंय. डिसेंबरात वारलेल्या दिराला ट्रॅक्टरवरून दुसऱ्या गावी न्यावं लागलं. काय हा निर्लज्जपणा!
पूर्वी सभागृहात प्रश्न आला होता — कोणत्या वस्तीला स्मशानासाठी कोणती जमीन दिली? उत्तराला यादी जोडलेली. "त्यात आमचा नंबर आहे, बेटा. सासरे सांगायचे. सोळा तारखेला तहसीलमध्ये पेशी आहे, कुंपणाची सुनावणी. तेवढा कागद निकालून दे."
साइटवर पाहिलं. प्रश्न आहे, उत्तर आहे. पुढे एक ओळ : 'पृष्ठ २१८ कोरे.'
तरी शोधते म्हटलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

गुरुवार, ९
मूळ ग्रंथ माळ्यावर सापडला. २१८ कोरं नाही! घडी घातलेला तक्ता आहे, उलगडला की टेबलभर. सतराव्या ओळीत मावशींची वस्ती, सर्व्हे नंबरासकट.
म्हणजे घडीचं पान स्कॅनरमध्ये मावेना, म्हणून कुणीतरी 'कोरे' लिहून मोकळं झालं. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. हा शहाणा सापडू दे, सोडणार नाही त्याला.
यशवर्धनजींकडे नक्कल मागितली. "साइटवर कोरं आहे, मी शिक्का कसा मारू? ज्यानं पान तपासलं त्यानंच लिहून द्यायचं, तर दुरुस्ती होईल. बड़ा स्कॅनर मागितला होता ना मी? नाही आला. असे चारशे पन्ने निघतील. छोड़ दे."
छोड़ दे म्हणे. माणसं मयत ट्रॅक्टरवर घेऊन फिरतायत!

शुक्रवार, १०
कुणी तपासलं ते वहीत असतं. वही कपाटात. किल्ली रेकॉर्ड सांभाळणाऱ्या शरदजींकडे. शरदजी रजेवर.

सोमवार, १३
शरदजी आले नाहीत. संक्रांतीनंतर म्हणे. उद्या सगळे गोड बोला, गोड बोला करतील. मी बोलणार नाही.

बुधवार, १५
वही मिळाली. चार वर्षांपूर्वीची नोंद. 'ग्रंथ ३४, पृष्ठ २१८, कोरे.' पुढे तपासणाऱ्याची सही.
माझी.
नोकरीचा पहिला आठवडा होता. दिवसाला तीनशे पानं. घडीची पानं बाजूला ठेवायची, नंतर बघू, असं सांगितलेलं. ते नंतर कधी आलंच नाही, आणि वहीतला रकाना भरायला मी 'कोरे' लिहीत गेले. मोजले. माझ्या सहीचे एकसष्ट आहेत. आठ दिवस कुणाला शिव्या घालत होते मी?
यशवर्धनजींना माहीत होतं. "म्हणून तर म्हटलं छोड़ दे. संविदेवर आहेस तू, कंत्राटी. लिहून दिलंस तर मी नाही वाचवू शकणार." बोलताना माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांचा राग आला. माझा जास्त आला.

गुरुवार, १६
तहसीलमध्ये लिहून दिलं : 'पृष्ठ २१८ कोरे नव्हते. मी न उलगडता कोरे लिहिले.' मावशींनी मोठ्यानं वाचायला सांगितलं. वाचलं. या वेळी डोक्यावर हात ठेवला नाही. बसकडे गेल्या.
अजून साठ पानं आहेत.