बुजगावण्याचा शर्ट

४ फेब्रुवारी

मिळाली! कलादालनातली मोठी खोली मार्चअखेरपासून माझ्या प्रदर्शनाला. दालनाच्या संचालिका — प्रत्येक वाक्यात 'संदर्भ' घालतात, म्हणून इथे त्यांचं नाव संदर्भबाई — म्हणाल्या, "तुमच्या कामाला मातीचा संदर्भ आहे." निमंत्रणपत्रिकेचा मजकूरसुद्धा तयार: 'मातीशी घट्ट नाळ असलेली बहुमाध्यमी कलावती.' नाळ म्हणे! गेल्या वेळी घरी गेले तर शेतात पाय ठेवल्यापासून नुसती शिंकत होते. व्हिडिओ घेतला तोही बांधावर उभं राहून. बूट नवे होते ना!

५ फेब्रुवारी

ठरलं. खोलीच्या मधोमध बुजगावणं. मागच्या भिंतीवर आमच्या शेताचा व्हिडिओ, वाऱ्यावर डोलणारं पीक. कुणी जवळ आलं की बुजगावण्याचा हात वर जाणार आणि ते ओरडणार — बाबा पाखरांवर ओरडतात तसं. अंगात बाबांचा खराखुरा शर्ट. याला मांडणशिल्प म्हणतात. आमच्या घरी पसारा म्हणतात.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एकाच माणसासाठी आहे. बाबा आजवर माझ्या एकाही प्रदर्शनाला आलेले नाहीत. मी तरी कुठे धड बोलावलं? 'वेळ मिळाला तर या' — हे काय बोलावणं झालं! या वेळी त्यांनी यावं. बघावं. वाईट म्हणाले तरी चालेल.

(नाही चालणार.)

९ फेब्रुवारी

आईला फोन. म्हटलं, बाबांचा एक जुना शर्ट पाठव, शेतात घालतात तसला. त्यांना सांगू नकोस, गंमत आहे.

"कशाला गं?"

"प्रदर्शनात ठेवायचाय."

"म्हणजे लोक बघणार?"

"हो."

"बरं."

एवढ्या पटकन बरं? मला तर भाषण करावं लागेल असं वाटलं होतं.

मग बाबांना म्हटलं, पाखरांवर ओरडता तसं जरा ओरडा, मी रेकॉर्ड करते.

"पाखरं कुठायत?"

"पाखरं नाहीत. नुसतं ओरडा."

"उगाच कसं ओरडू? माणूस वेडा म्हणायचा." फोन पुन्हा आईकडे.

उगाच ओरडता येत नाही म्हणे! लहानपणी माझ्यावर इतकं ओरडले, सगळं वाया गेलं. तेव्हाच रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

शर्ट आला. फिकट निळा. धुतलेला, कडक इस्त्री केलेला, वर कागदात गुंडाळलेला! आईपुढे हात टेकले. शेतातला शर्ट मागितला तर त्यातलं शेत धुऊन पाठवलं. डाग नाही, ठिगळ नाही, घामाचा वास नाही. असला शर्ट घातलेल्या बुजगावण्याला पाखरं 'या, बसा' म्हणतील.

१८ फेब्रुवारी

दोन दिवस शर्टाला म्हातारा करतेय. आधी चहात भिजवला. कोपरांवर पॉलिश पेपर घासला, कॉलर तर आतून-बाहेरून. खांद्याला ब्लेडने चिरे दिले. एक बटण उपटलं. शेवटी घरच्या बाल्कनीतल्या कुंडीत पुरून ठेवला. कुंडीतली माती नर्सरीतून विकत आणलेली, पिशवीवर लिहिलंय 'निर्जंतुक'. घट्ट नाळ!

पण दिसतोय झकास. संदर्भबाईंनी फोटो बघून भिंतीवरच्या पाटीचा मजकूर पाठवला: 'कष्टाने विरलेला पित्याचा शर्ट.'

२१ फेब्रुवारी

आवाजाचं जमलं. म्हणजे जमवलं. बाथरूममध्ये दार लावून मीच ओरडले — "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ!" खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. "पडलीस का गं?" म्हटलं, नाही काकू, पाखरं हाकलतेय. त्या खाली गेल्या, आता जिन्यात भेटल्या की माझ्याकडे फार मायेने बघतात.

मग कॉम्प्युटरवर तो आवाज जाड केला, थोडी खरखर घातली. बाबा हुबेहूब! पाटीवर लिहिलं: 'आवाज — कलावतीचे वडील.' चोरी ती चोरी, वर शिरजोरी.

८ मार्च

दालनात जोडणी. रखवालदारकाका चहा घेऊन बुजगावण्याजवळून गेले. हात वर, "हाऽऽ हुर्रर्र!" — चहा व्हिडिओवर. म्हणजे भिंतीवर, आमच्या पिकाच्या बरोबर मधोमध. पुसला, पण डाग राहिलाच. संदर्भबाई म्हणाल्या, "राहू द्या, डागाला संदर्भ आहे."

काका आता जाताना बुजगावण्याला लांबूनच नमस्कार करतात.

१२ मार्च

बाबांना बोलावलं. नीट! तारीख, वेळ, कुठल्या बसने यायचं, सगळं सांगितलं. "बाबा, तुम्ही याच," असंही म्हटलं. असं मी त्यांना शेवटचं कधी म्हटलं होतं, आठवत नाही.

"बघू," म्हणाले.

बाबांच्या 'बघू'चा अर्थ आईलाही लग्नापासून लागलेला नाही.

२८ मार्च

उद्घाटन झालं. गर्दी होती. बुजगावणं घसा फाटेस्तोवर ओरडलं — माझाच घसा. संदर्भबाईंच्या डोळ्यांत पाणी. "या हाकेत केवढा बाप आहे!" म्हणाल्या. मी खाली बघून मान हलवली. कलावती!

बाबा आले नाहीत.

दार उघडलं की माझी मान वळायची. शेवटी एक पत्रकार म्हणाला, "तुम्हाला दाराचा काही त्रास आहे का?" मग विचारतो कसा, "वडिलांना हे बघून काय वाटलं?" म्हटलं, "त्यांना फार भरून आलं." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

घरी येऊन कानातलं काढून फेकलं. ते आता सापडत नाहीये.

३० मार्च

आज भांडायलाच आईला फोन केला. एक दिवस येता येत नाही? पोरीपेक्षा पाखरं जवळची?

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अगं, येणारच होते. दाढी करून बसले होते. शर्ट सापडेना. सगळं घर डोक्यावर घेतलं."

"कुठला शर्ट?"

"थांब, दूध उतू जातंय."

"आई, कुठला शर्ट?"

"निळा गं. तुला पाठवला तो."

"मी शेतातला मागितला होता!"

"फाटका शर्ट चार लोकांपुढे ठेवायचा? लोक काय म्हणतील, या माणसाला बायको आहे की नाही? म्हणून चांगला पाठवला. आणि तूच म्हणालीस ना, त्यांना सांगू नकोस."

"मग दुसरा घालून यायचं!"

"दुसरा आहे कुठे चांगला? म्हणाले, शेतातल्या कपड्यांत गेलो तर तिच्या लोकांसमोर तिची मान खाली जाईल."

मग मीही सांगून टाकलं. चहा, पॉलिश पेपर, ब्लेड, कुंडी. आई एवढंच म्हणाली, "इस्त्री केली होती गं मी."

हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. बाबा जे चार लोकांत लपवायला बघत होते, तेच मी खोटं तयार करून, वर दिव्याचा झोत सोडून दाखवलं. आणि त्यासाठी फाडलं काय, तर माझ्याकडे यायला ठेवलेला शर्ट. फार वाईट वाटतंय. आज यावर विनोद सुचत नाही.

३१ मार्च

बाबांसाठी नवा शर्ट आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "माप?" माप कॉलरच्या आत छापलेलं असतं — तेच मी पॉलिश पेपरने घासून उडवलंय! इतके दिवस त्यांचा शर्ट हाताळला, पण बाबांचा गळा केवढा ते मला माहीत नाही. हात हलवत परत आले.

आईचा फोन. तिने बाबांना सगळं सांगितलं.

"ब्लेडचंही?"

"सगळं."

"काय म्हणाले?"

"ताट सारलं आणि बाहेर जाऊन बसले."

रविवारी घरी जाऊन पाय धरते. शिंका आल्या तरी.

२ एप्रिल

सकाळी रखवालदारकाकांचा फोन. "बाई, एक गृहस्थ आलेत. बुजगावण्याचा शर्ट काढून स्वतःच घातला. एक बटण नाही म्हणून कुरकुरतायत. बुजगावणं ओरडलं तर पाटी वाचून हसले — म्हणे, 'हा माझा आवाज होय? ही तर माझी पोर ओरडतेय!' पोलिसांना बोलावू?"

म्हटलं, नको, खुर्ची द्या त्यांना.

"दिली. बसत नाहीत. म्हणतात, तिला सांगा, मी कपडे करून तयार आहे. आता ये नि तुझं प्रदर्शन दाखव म्हणावं."