बाजार उठल्यानंतरचा फोटो

मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३. सकाळी धुके होते, अकरानंतर निवळले. शनिवारी माझी पत्नी नेवेना हिला जाऊन चाळीस दिवस झाले. इथल्या रीतीप्रमाणे दारावर लावलेला, तिच्या मृत्यूची बातमी छापलेला कागद दमट हवेने एका कोपऱ्यात सुटला होता, तो पुन्हा चिकटवला. जेवलो आणि हे लिहायला बसलो.

मी, वेलिझार स्तोयनोव कुत्सारोव, वय शहात्तर, फर्निचरच्या कारखान्यातला निवृत्त आरेखक, राहणार त्र्याव्ना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डाव्या डोळ्याने थोडे कमी दिसते. लिहायला मला कुणी भाग पाडलेले नाही. आमच्या कायद्याप्रमाणे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावले आहे, कारण आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कामावर बोललो. माझ्या कामावरही कुणी बोललेले बरे.

एक. राहते घर मुलगा ओग्न्यान याला. तो वार्नाला असतो आणि इथे राहायला येणार नाही. घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त फोटो धुण्याच्या काळ्या खोलीतली रसायने मोरीत ओतू नयेत.

दोन. फोटो मोठे करण्याचे यंत्र, भिंगे आणि लाल दिवा आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळाला. दिव्याची वायर बदलून घ्यावी.

तीन. कॅमेऱ्याची तिपाई मिंचो गेनचेव याला. मिंचो चाळीस वर्षे मंडळात आहे आणि आजवर कुठलाही फोटो त्याला वाईट वाटलेला नाही. मी एकदा चिडून विचारले, तेव्हा म्हणाला, "अरे, बाई घरून भोपळ्याची बनित्सा करून आणते, वर फोटो दाखवते. छान म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?" त्यावरून आम्ही दोन वर्षे बोललो नाही. तिपाई त्याला देतो, म्हणजे निदान एका जागी थांबून नीट बघेल. त्या भांडणात निम्मी चूक माझी होती, हेही इथे नोंदवतो.

चार. हे कलम मालमत्तेचे नाही. मंडळाचा नियम मी घातला. दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर फोटो नाव न सांगता फळ्यावर लावायचा. प्रत्येकाने क्रमाने तीन गोष्टी सांगायच्या: काय दिसते, नजर कशावर थांबते, काय बदलावे. ज्याचा फोटो असेल त्याने गप्प बसायचे. नाव कळल्यावर फक्त "आभारी आहे" म्हणायचे. उत्तर द्यायचे नाही, कारण लोक उत्तरे देऊ लागले की बघणे थांबते.

१९८८च्या मार्चमध्ये एक फोटो लागला. बाजार उठलेला, ओट्यावर एक तराजू, पुढे बरीच रिकामी जमीन. मी पाळी संपवून उपाशी आलो होतो. पहिला बोललो मीच, आणि स्वतःचाच नियम सोडून बोललो: "यात काही नाहीच, पुढे नुसती रिकामी जमीन. कुणाचं तरी बोट चुकून बटणावर पडलंय. पुढचा लावा." बाकीचे काही बोललेच नाहीत. फोटो उलटला, तर नाव नेवेनाचे. ती म्हणाली, "आभारी आहे," आणि चहा गाळायला उठली.

तिने नंतर एकही फोटो फळ्यावर लावला नाही. गुरुवारी मात्र येत राहिली आणि दुसऱ्यांच्या फोटोंवर माझ्यापेक्षा नेमके बोलत राहिली. घरी मी विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. तिने फोटो काढणे सोडले आणि ते माझ्यामुळे, असे मी पस्तीस वर्षे धरून चाललो.

पाच. चाळिसाव्या दिवसाआधी तिचे कपाट आवरताना बुटांच्या तीन खोक्यांत दोनशे बारा फोटो सापडले. मी कारखान्यात असताना तिने आमच्याच काळ्या खोलीत छापलेले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तीन ओळी, मंडळाच्या क्रमाने. सर्वांत वर तोच बाजाराचा फोटो होता. त्यामागचे जसेच्या तसे उतरवतो:

"दिसतं: उपाशी माणूस, घाईत. नजर थांबते: पुढची जमीन रिकामी आहे हे त्याचं खरं. मी लांब उभी राहिले. बदलावं: त्याने आधी बघावं, मग बोलावं. हे त्याला सांगायला हवं, पण फोटो ज्याचा त्याने उत्तर द्यायचं नाही."

दुसरा फोटो पुढच्याच शनिवारचा. तोच ओटा, तोच तराजू, ती चार पावले जवळ गेलेली. पारड्यात मिरचीचे एक बी चिकटलेले दिसते. तो फोटो चांगला आहे. हे मी नवरा म्हणून लिहीत नाही.

नियम मंडळाचा होता. आम्ही तो घरीही आणला, तसे करायला कुणी सांगितले नव्हते. म्हणून संस्थापक या नात्याने माझी सूचना: यापुढे सगळ्यांचे बोलून झाले, चहा झाला, की फोटो ज्याचा त्याला बोलू द्यावे.

सहा. सर्व दोनशे बारा फोटो मंडळाची सदस्य कालिना पेत्कोवा हिला. माझ्या मृत्यूनंतर तिने ते नाव न सांगता एकेक करून फळ्यावर लावावेत. कुणी गेलेल्या माणसाची दया म्हणून बोलू नये.

(कलम सहा रद्द. कारण खाली.)

साडेतीनला कालिना आणि मिंचो आले. कालिना औषधाच्या दुकानात असते, वाचते भराभर आणि बोलते त्याहून भराभर. मी मजकूर तिच्या हातात दिला.

"काय दिसतं ते सांगू, काका? एक घाबरलेला माणूस. तुम्ही मरायची वाट आम्ही कशाला बघायची? परवा गुरुवारच आहे."

मी म्हणालो, लोक शोकाखातर छान छान म्हणतील.

"मी नाही म्हणणार."

"मी म्हणेन," मिंचो म्हणाला. तराजूचा दुसरा फोटो त्याने खिडकीपाशी नेला होता. बराच वेळ धरून उभा होता. मग म्हणाला, "वेलिझार, वरून बोटभर कापायला हवा होता. आकाश उगाच आहे."

चाळीस वर्षांत त्याने सांगितलेली ही पहिली चूक. मी पाहिले. त्याचे खरे होते.

म्हणून कलम सहा मी त्यांच्यासमोर खोडले. फोटो मी स्वतः नेईन, दर गुरुवारी एक. दोनशे बारा गुरुवार म्हणजे चार वर्षांहून थोडे जास्त. तेवढा मी जगलो नाही, तर उरलेले कालिनाने लावावेत.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांनी वाचला, खाडाखोडीसह मला मान्य आहे.

सही: वे. स्तो. कुत्सारोव
साक्षीदार: कालिना पेत्कोवा, मिंचो गेनचेव (तिपाई आत्ताच मागत आहे, दिली नाही)
त्र्याव्ना, १४ नोव्हेंबर २०२३

ते गेल्यावर लिहितो. बाजाराचा तो पहिला फोटो खोक्यात राहून कडेने वळला आहे. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून त्यावर शब्दकोशाचे दोन जाड खंड ठेवले. परवापर्यंत सपाट होईल.