बिनमार्काची पेटी

काका, कॉटन ग्रीनच्या आपल्या गोदामात आज एक पेटी तयार होऊन पडली आहे आणि ती मी अडवली आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. एक्स्पोर्टच्या टेबलावर आता मी बसते. खुर्ची तुमचीच आहे, चाकं तेवढी बदलली.

मी नवीन होते तेव्हाचा एक दिवस आज सारखा आठवतोय. लालबागहून आलेली मुलगी, कॉमर्स शिकलेली, टायपिंग चांगलं. पहिल्याच इन्व्हॉइसवर मी मालाचं वर्णन 'मशीनचे सुटे भाग' असं केलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता आणि कागद माझ्याकडे सरकवता. "काय गं, डब्यात काय आणलंस?" मी म्हणते, "बांगड्याचं तिखलं आणि भात." "मग 'खाद्यपदार्थ' का नाही म्हणालीस?" सगळे हसतात, माझे कान तापतात. नंतर तुम्ही मला वर्कशॉपमध्ये नेलंत आणि निकेलच्या मिश्रधातूचा एक व्हॉल्व्ह हातात दिलात. हाच औषधाच्या कारखान्यात लागतो आणि विषारी वायू करणाऱ्यालाही हाच लागतो, म्हणालात. म्हणून सरकारच्या यादीत त्याचं नाव आहे, म्हणून दिल्लीहून परवाना आल्याशिवाय तो देशाबाहेर जात नाही. तो घेणारा कोण आणि कुठे बसवणार, हे आपण विचारायचं. "सरकारने विचारल्यावर नाही हं. त्याच्या आधी."

पेटीवर मार्क मारायची पत्र्याची स्टेन्सिल तुम्ही खणात कुलपात ठेवायचात. कागद पुरे झाले की तुम्ही स्वतः गोदामात जाऊन काळ्या रंगाने मार्क मारायचात, आणि तो नसलेल्या पेटीला मुकादम हात लावू द्यायचा नाही. हे कुठल्याच नियमात नाही, तुमचं तुम्ही लावून दिलेलं. पुढे छापील स्टिकर आले, तरी मी मार्क चालू ठेवला. धाकटे साहेब, म्हणजे आपल्या मोठ्या साहेबांचा मुलगा, या मार्काला म्युझियम म्हणतात.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी ठाकूरद्वारच्या घरी पेढे घेऊन आले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. तुम्ही आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मार्काचा ब्रश आणून दिलात. "अहो, पोरीला साडी द्यायची सोडून हे काय? केससुद्धा उरले नाहीत त्याला," काकू म्हणाल्या. "साडी तिला कुणीही देईल," तुम्ही म्हणालात आणि चहा बशीत ओतलात.

आता या पेटीचं सांगते. आत तेच व्हॉल्व्ह आहेत. घेणारा आखातातला एक ट्रेडर. माल शेवटी कोण वापरणार याचा जो दाखला त्याने पाठवलाय, त्यात लिहिलंय, तिसऱ्याच एका देशात पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात बसवणार. पाण्यासाठी एवढा महाग व्हॉल्व्ह कोण लावतं? दाखल्यावर त्या कारखान्याचा म्हणून दिलेल्या नंबरला मी फोन लावला. मी नाव सांगायच्या आत पलीकडून आवाज आला, "बोलिए मॅडम." तो ट्रेडरचाच माणूस होता. आदल्या दिवशी त्याच्याशीच बोलले होते.

धाकटे साहेब म्हणाले, "वर्णनात 'इंडस्ट्रियल फिटिंग' लिहा आणि सोडा ना मॅडम. सगळं मार्केट तेच करतं."

"नाही सर. खरा वापरणारा कोण ते कळू दे. मग परवान्याचा अर्ज मी करते."

"तोवर पार्टी थांबेल? ऑर्डर हातची गेली तर खाली वर्कशॉपमधल्या लोकांना घरी कोण बसवणार, तुम्ही?"

मी सही केली नाही. त्यांनी परस्पर स्टिकर लावायला पाठवला. दुपारी मुकादमाचा फोन आला. तुमच्या मुकादमाचा मुलगा, आता तोच बघतो. "ताई, स्टिकर लागलो हा, पण आपलो काळो मार्क खंय?"

"नाही मारणार."

"मगे पेटी थंयच ऱ्हवता. साहेब माझ्यार ओरडतले, सांगान ठेवतंय."

"माझं नाव सांग."

तासाभरात धाकट्या साहेबांचा निरोप आला, उद्या केबिनमध्ये या, सही करा नाहीतर राजीनामा आणा. मी दोन्ही करणार नाही. ट्रेडरकडे खऱ्या वापरणाऱ्याचं नाव मागणारं पत्र मी तयार केलंय, तेच पुढे ठेवणार. आणि माझ्यामागे पेटी हललीच, तर मला जे कळलंय ते मी स्वतः दिल्लीला कळवणार, हेही त्यांच्या तोंडावर सांगणार. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. स्टेन्सिल आज मी घरी आणली आहे.

हे पत्र कुठे टाकणार? ठाकूरद्वारच्या त्या घरात आता दुसरेच लोक राहतात. पर्समध्ये ब्रशशेजारी राहील. एक मात्र खरं सांगते, केबिनची मला भीती नाही. पण वर जायला वर्कशॉपमधूनच जावं लागतं, आणि खालची माणसं कामावरून मान वर करून विचारतील, "मॅडम, ऑर्डर जातेय ना?" त्यांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.