मेळाव्याच्या ध्वजाची दोरी

१२ डिसेंबर २०२५

रविकांतने रंजीताचं नाव कापलं! राज्य शिबिरासाठी माझ्या गाइड पथकातून एकच मुलगी निवडली होती – तीच कापली. जागा गेली त्याच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी लेकीला. फोन केला, तर म्हणतो, "ताई, तांड्यावरची पोट्टी ते. आज हाय, उद्या मायबापासंग ऊस तोडाले. तिले शिबिर कायले?"

आणि हा जिल्हा मेळाव्याचा संयोजक! समतेवर भाषणं देतो – मुद्दे माझे उचलून.

दिवाळीनंतर तिचे आईबाप, भाऊसिंग आणि सुंदरबाई, साखर कारखान्यावर निघाले, तेव्हा रंजीतालाही नेणार होते. तांड्यावर जाऊन मी घसा कोरडा केला. शेवटी भाऊसिंग म्हणाला, "बाई, तुमच्या जबानीवर ठेवतो आजीपाशी. शिबिर नाही झालं, तं मंग पोट्टी माह्यासंग."

माझी जबान गेली. आता रविकांतची इज्जत जाईल.

१४ डिसेंबर

उद्या शेलूबाजारला माल न्यायचा. दिवसभर मेथी. रंजीता मदतीला आली होती. जुड्या बांधताना हसायला लागली – "ताई, तुमची गाठ म्या कुठंबी वळखीन. टोक आत खुपसता तुमी." सासूबाई बांधावरून: "आता शिट्टी फुकून मेथी इकजो माय, गिऱ्हाईक लाइनीत येतीन!" मीही हसले.

मग रंजीताने शिबिराला काय काय न्यायचं, ते विचारलं. नाव कापलंय ते न सांगता सांगत बसले. खोटी! हेही पाप रविकांतच्या डोक्यावर.

२० डिसेंबर

मंगरूळपीरला मेळाव्याची बैठक. आमच्या स्काउट-गाइडमध्ये हस्तांदोलन डाव्या हाताने करतात. डावा म्हणजे ढालीचा हात; ढाल खाली ठेवून तो दिला – म्हणजे भरवसा. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. रविकांत डावा हात पुढे करून आला. मी उजवा दिला.

"काहून ताई, भरोसा नाही आमच्यावर?"

"नाही."

सगळ्यांनी पाहिलं. चेहरा पडला त्याचा. पण एवढ्याने माझं भागत नाही.

मेळाव्यात ध्वज बांधायचं काम आमच्या पथकाकडे आलं. सूत्रसंचालन माझ्याकडे. आणि ध्वजाची दोरी ओढणार – खुद्द संयोजक!

२१ डिसेंबर

सुचलं!

संघटनेचा ध्वज घडी करून, आत फुलं घालून, सरकगाठीने बांधतात. एक झटका दिला की उघडतो, फुलं पडतात. पण ती गाठ सरकगाठ नसलीच तर? ओढू दे. घाम फुटू दे. अख्खा जिल्हा बघेल, फोटोवाले बघतील. आणि मी माईकवर म्हणेन – "ज्यांना एक गाठ सोडवता येत नाही, ते पोरींची नशिबं बांधायला निघालेत!"

गोठ्यात उभी राहून म्हणून पाहिलं. माझे यजमान हिरालाल डोकावले. "कोनावर चिडून राह्यली? तिकडं वांगे सडून राह्यले."

सडू देत!

३ जानेवारी २०२६

भाऊसिंगचा फोन. नाव कापल्याचं कुणीतरी सांगितलंच. "येतो मी. पोट्टीले नेतो."

म्हटलं, अकरा तारखेचा मेळावा बघूनच न्या. रविकांतची फजिती त्यालाही दाखवायचीय.

१० जानेवारी

ध्वज मीच बांधला. रंजीता ध्वजप्रमुख – तिला मैदान आखायचा चुना आणायला पिटाळलं.

११ जानेवारी

लिहायलाच हवं.

रविकांत दोरीपाशी गेला, थांबला, माझ्या हातून माईक घेतला. "रंजीताचं नाव मी कापलं होतं. ताई माझ्याशी भांडल्या. त्यांचं बरोबर होतं. नाव परत टाकलं आहे. आजचा ध्वज तिच्याच हातानं." माईक मला परत दिला. टाळ्या! भाऊसिंग मांडवात उठून उभा राहिला – पोरीला बघायला. डोक्याचा रुमाल सारखा करत होता.

ओरडायला हवं होतं – थांब! रंजीताने सलामी दिली. ओढली दोरी.

नाही उघडला.

पुन्हा ओढली. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं मैदान. तिने मान वर करून गाठीकडे पाहिलं. टोक आत खुपसलेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोनं बांधला ध्वज?" रविकांतने विचारलं.

माईक माझ्या हातात होता. माझ्या!

"म्या बांधला, सर," रंजीता म्हणाली.

भाऊसिंग पुढे आला. "झाली शोभा? चाल आता."

रविकांत त्याच्या मागे धावला. हात जोडले, "अहो, नाव आहे तिचं! जाऊ द्या शिबिराला." मी जागची हलले नाही.

१३ जानेवारी

तांड्यावर जायला निघाले. अर्ध्या वाटेतून परत. काय बोलायचं ते सुचेना – मला!

१४ जानेवारी

शेलूबाजारच्या फाट्यावर कारखान्याकडे जाणारी जीप उभी होती. रंजीताने खाली उतरून गाइडचा स्कार्फ नीट घडी करून दिला. मी हात पुढे केला – डावा.

तिने उजवा दिला.