दोन मांडवांमधली हवा

ओझर, रविवार

प्रिय वाल्मीकराव यांस,

सोमनाथचा नमस्कार. नांदगावी सगळे बरे असाल, वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असेल. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मेहुण्याचा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पोस्टाला त्रास.

दिशाच्या लग्नात तुम्ही निघून गेल्यावर काय झालं ते तिखटमीठ लावून कानावर आलंच असेल. नवरी मांडवात येताना तिच्या डोक्यावरून ड्रोन वरमाला घेऊन येणार, ही टूम शूटिंगवाल्या सनीची. (तुमच्या ताईचा विरोध होता. माझा नव्हता. जाऊ द्या.) ड्रोन निघाला ऐटीत, पण वारं लागलं म्हणा की सनीचं बोट घसरलं म्हणा, आमचा मांडव सोडून शेजारच्या पुंजारामच्या दुधीच्या मांडवावर घिरट्या घालू लागला आणि शेवटी हारांसकट वेलांत जाऊन बसला. मंगलाष्टकं संपली तरी नवरा-नवरी रिकाम्या हाताने उभे. मग एक हार दारावरच्या गणपतीचा काढला आणि दुसरा व्याह्यांच्या गळ्यातला, सत्काराचा.

पुंजाराम ड्रोन देईना. आमचं बांधाचं भांडण तुम्हाला ठाऊक आहे, ते आता वर चढलं. म्हणतो, "माझ्या वावरावरची हवा माझी हाय. इचारल्याबिगर आलाच कसा?" आमच्या वकीलबाई योगिनीताई म्हणाल्या, मालक वापरतो तेवढीच हवा त्याची, त्यावरची नाही. म्हणजे पुंजारामची हवा दुधीच्या मांडवापर्यंत. हे ऐकून त्याने दुसऱ्याच दिवशी मधोमध उंच बांबू रोवला (त्यावर काही चढवलेलं नाही, नुसता बांबू). त्यात पोलिसांनी विचारलं, विमानतळाजवळ ड्रोन उडवायची परवानगी कुठंय? माझ्याकडे मांडवाची होती, डीजेची होती, रस्त्यावरच्या कमानीचीसुद्धा होती. आभाळाची घ्यावी लागते हे सुचलंच नाही.

कायद्याचं होईल ते होईल. मला वाईट वाटतं ते वेगळंच. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. सनी म्हणाला, फ्रेममध्ये नवरी एकटीच हवी, आणि मी चारचौघांत तुम्हाला बाजूला व्हा म्हणालो. यंत्राला मान दिला आणि माणसाला हटवलं. त्या दिवसापासून तुमची ताई माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि तिच्या मते फारसं काम नसतं.

लोभ होता तेवढा तरी परत मिळावा.

आपला,
सोमनाथ

ता. क. : पुंजाराम बियाणं तुमच्याच दुकानातून नेतो, तुमचा शब्द मोडणार नाही. एकदा येऊन त्याला समजावलंत तर ड्रोन सुटेल. पत्र खरं तर त्यासाठीच.

दुसरा ता. क. : वरचं खोडलं असं समजा. पाकीट चिकटवायच्या आत पुंजारामने आपणहून ड्रोन आणून दिला. घिरट्या घालताना त्याचा कॅमेरा चालूच होता. त्यात दुधीची पानं दिसतात, आमचा मांडव दिसतो, आणि रस्त्याने फेटा काखेत धरून एकटे स्टँडकडे चाललेले तुम्ही दिसता. दोनदा थांबून मागे पाहिलंत. मांडवातलं एकही तोंड तुमच्याकडे नव्हतं, माझंही नाही. दिशा माहेरी आली आहे, तिनेही ते पाहिलं. जावईबापू न्यायला आले होते, जेवून एकटेच परत गेले. ती म्हणते, मामा हाताला धरून गाडीत बसवील तेव्हाच सासरी जाईन.