पत्र्याखालची नोकरी

बुशरा बेटी,
अब्बाची दुआ.

लातुरात शिकवणीच्या पोरांसाठी बर्गरचं दुकान आहे, तिथं मी काम करतो, हे तुला ठाऊक आहे. परवा एका पोरानं टेबलावर मूठ आपटली. "ए म्हाताऱ्या, बर्गर देऊन राहिला का झोपून राहिला?" ग्लास खणखणले आणि मला भूकंपाची ती पहाटच वाटली. "बाहेर पळा, बाहेर!" ओरडत मी त्याच पोराचा हात धरून रस्त्यावर पळालो. सगळी गिऱ्हाइकं लई हसली. आता पोरं मुद्दाम टेबल बडवतात. मालक शेषेराव म्हणाले, "चाचा, परत पळालात तर घरीच बसा." म्हणून मी एका हातानं ग्लास दाबून धरतो.

तू म्हणशील, सोडा ते, नांदेडला या. पण तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, वर स्लॅब. त्या पहाटे तुझी अम्मी छताखालीच राहिली, बेटी. इथं रात्री दुकानातच झोपतो, डोक्यावर नुसता पत्रा. शिव्या खाऊन का होईना, झोप लागते. नोकरी गेली तर हा पत्राही जाईल.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. वाचलंस तर न्यायला येशील.

तुझा भित्रा अब्बा,
मकबूल