बाटलीवाल्या डॉक्टरांचं चित्र

मिशिगनमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी आणि विनय म्युझियममध्ये शिरलो ते केवळ उबेसाठी. माझे मोजे भिजले होते. तिथे एका जुन्या डच चित्रात काळ्या झग्यातले डॉक्टर लघवीची काचेची बाटली उजेडात धरून बघत होते. शेजारी खुर्चीत एक फिकट मुलगी, मागे म्हातारी मोलकरीण. विनय पॅथॉलॉजिस्ट. "हे आमचे पूर्वज," म्हणाला, आणि माझं मनगट धरून नाडी बघू लागला.

"त्या मुलीला काय झालंय?"

"प्रेम. बाटलीत दिसत नाही ते."

चित्राची छापील प्रत त्याच दिवशी घेतली. ती आजही दिवाणखान्यात आहे.

मी, पद्मिनी विनय देवस्थळी, वय अडुसष्ट, राहणार नोव्हाय, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहिते. घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीची, नेत्राची. तसं इंग्रजी मृत्युपत्र वकिलाकडे आहे. त्याला हा कागद जोडावा.

माझे दागिने, पैठण्या आणि पितळी डबा नेत्राला. पैठण्या कापून उशा शिवू नयेत.

विनयचा मायक्रोस्कोप त्याच्या लॅबमधल्या सुलेखाला. अशा चित्रांवर त्याने इथल्या मराठी मंडळात जे व्याख्यान दिलं, त्याच्या स्लाइड्सही तिलाच; तिनेच केल्या होत्या. कामात ती त्याच्या बरोबरीची होती. खोटं लिहिणार नाही.

त्याच व्याख्यानानंतर ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी, मागची ती मोलकरीण म्हणजे तुम्हीच हं!" सगळे हसले. विनयही. गाडीत मी विचारलं, "आणि खुर्चीत कोण? ती?"

"पद्मा, जोक होता गं."

विनय गेल्यावर तेराव्याच्या जेवणाला सुलेखाने हळूच विचारलं, "वहिनी, ते चित्र मला द्याल?" दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी शिकवलं. आपल्या वस्तूचा लोभ दुसरीने धरला तर काय करावं, हे नाही शिकवलं.

चित्र नेत्राला. "आई, इट्स सो क्रीपी," असं ती म्हणते. तरी भिंतीवर लावावं. विकू नये, कोणाला देऊ नये. सुलेखा बघायला आली तर चहा करावा, हवा तेवढा वेळ बघू द्यावं. मात्र चित्रापाशी तिला एकटीला सोडू नये.

सही: पद्मिनी विनय देवस्थळी
आमच्यासमोर सही झाली: यतीन राजवाडे, प्रीता राजवाडे (शेजारी)
नोव्हाय, मिशिगन. ११ नोव्हेंबर २०२४